बाईंचा रेडिओ माझ्या हातात

१४ जुलै. काम: खताच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, एका बाजूने उसवून, रोवणाऱ्या बायांसाठी डोक्यावर घ्यायच्या खोळी करणे. नग बारा. उद्यापासून आमच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, धानाची रोवणी. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, एकवीस दिवसांची झाली. त्यांना आता थांबवून चालत नाही. रोप म्हातारं झालं की ते मातीत उभं राहतं, पण फुटवा धरत नाही.

मी ओसरीवर कात्री घेऊन बसले होते आणि आत बाईंचा रेडिओ चालू होता. बाई म्हणजे माझी मोठी जाऊ, गिरजाबाई. वय पंच्याहत्तरच्या पुढे. साखरेने डोळे नेले, मागच्या पावसाळ्यात अंगणात घसरून खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवर. भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, वारले, मुलगा पुण्यात. बाईंचं सगळं मी करते. साकोलीच्या बाजारात ओळखीच्या बाया भेटल्या की म्हणतात, सख्खी बहीण करणार नाही एवढं ही लहानी जाऊ करते. खरं आहे. जेवण वेळेवर, गोळी वेळेवर, एक दिवसाआड गरम पाण्याने अंघोळ. वर्षभर पडून आहेत, पण अंगावर एक फोड नाही. सूड घ्यायचा तर समोरचं माणूस धड राहिलं पाहिजे.

रेडिओ मात्र मी खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवला आहे. बाईंचा हात तिथे पोचत नाही.

बाईंना आता दिवस दिसत नाही, ऐकू येतो. पहाटे सहाच्या आत ती धून वाजते, तिने त्यांची सकाळ होते. मग भजनं. साडेसहाला शेतीची माहिती, कोणत्या पिकावर कोणती अळी. सातला बातम्या. दिल्लीच्या आधी, मग आपल्या. मग गाणी. बारा वाजता बायांचा कार्यक्रम: पाककृती, डॉक्टरीणबाई, श्रोत्यांची पत्रं. संध्याकाळी गावकऱ्यांसाठी गप्पा. त्यात दोन माणसं पारावर बसल्यासारखी बोलतात आणि बोलता बोलता सरकारी योजना सांगतात. त्यानंतर बाजारभाव, बातम्या. गुरुवारी नाटक. गेल्या तीस वर्षांत रेडिओ केंद्राने बरंच काही कापलं, बाहेरून आणलेले कार्यक्रम मध्ये जोडले, पण सांगाडा तोच आहे. मला तो पाठ आहे. कोणाला कुठे दुखतं हे ठाऊक असल्याशिवाय तिथे बोट ठेवता येत नाही.

नाटक संपायला पाच मिनिटं राहिली की मी रेडिओ बंद करते.

"काहून बंद झाला वो?"

"सेल गेले."

"आताच तं नवे टाकले होते!"

"आजकालचे सेल तसेच येतात, बाई."

मग थोड्या वेळाने, मी भांडी घासताना, त्या आतून विचारतात, "त्या सुनेचं काय झालं असंन?"

"मेली."

"आणि तो भाऊ?"

"तोही मेला. विहिरीत."

माझ्या हातून नाटकातलं कोणी वाचत नाही. बाई चुकचुकतात, पदराने डोळे पुसतात. एकदा त्यांनी फार धरून विचारलं, "लहाने, रेडिओवाले एवढ्या माणसायले मारून कायले राहिले वो?" मी म्हटलं, "पत्र लिहून विचारा." त्यावर त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. पत्र हा शब्द आमच्या घरात सहसा कोणी उच्चारत नाही.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या रोवणीची गोष्ट आहे. मी तेवीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली. माहेर भंडाऱ्याचं. वडील पितळेची भांडी ठोकायचे. दिवसभर ठकठक. मी बारावीपर्यंत शिकले, त्यातला निम्मा अभ्यास त्या ठोक्यांत केला. संध्याकाळी वडिलांना पेपर वाचून दाखवायचं काम माझं. हातोडा ते थांबवायचे नाहीत, म्हणून आवाज मलाच वर न्यावा लागायचा. ओरडायचं नाही आणि तरी प्रत्येक शब्द पोचला पाहिजे. दोन ठोक्यांच्या मधे शब्द बसवायला मी शिकले. गल्लीतले लोक आपली भांडी पुसत ऐकत उभे राहायचे. वडील म्हणायचे, ही पोरगी रेडिओत जाणार. बाप असं म्हणतोच. पण मी ते खरं धरलं.

सासरी आल्यावर चिखल आला. तक्रार नाही, चिखलाचं काम मी चांगलं शिकले. उलटं चालायचं, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताने तीन-तीन काड्या खोचत जायचं. गुडघ्याएवढं कोमट पाणी, वर गार पाऊस. पोटऱ्यांना जळवा. बांधीच्या पारीवर, म्हणजे बांधावर, येनाचं झाड होतं. नवऱ्याने त्याच्या फांदीला रेडिओ टांगून ठेवला होता, प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून. घड्याळ कोणाकडेच नव्हतं. सातच्या बातम्या लागल्या की पहिली बांधी निम्मी व्हायला हवी. बायांचा कार्यक्रम सुरू झाला की हात धुवायचे आणि जेवायचं. बाजारभाव लागले की घरी. आमच्या कमरा केंद्राच्या वेळापत्रकाने वाकायच्या आणि त्याच वेळापत्रकाने सरळ व्हायच्या.

अशाच एका दुपारी, भाताचा घास हातात असताना, रेडिओने सांगितलं: केंद्राला नैमित्तिक निवेदिका हव्या आहेत, बारावी पास, आवाज स्वच्छ हवा. पत्ता मी ओल्या बोटाने मातीवर लिहून घेतला आणि तोंडाने म्हणत घरी आले. अर्ज साकोलीहून टाकला. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, जमलं तं जा. तो तसाच आहे. कशाला हो म्हणायला त्याला फार वेळ लागत नाही आणि विसरायलाही लागत नाही.

मग मी पोस्टमनची वाट बघत राहिले. जुलै गेला, ऑगस्ट गेला. आमची रोवणी संपली, गावाची संपली. धान हिरवं झालं, काळपट हिरवं झालं. गणपती येऊन गेले. आणि एका सकाळी भजनं संपल्यावर नवा आवाज आला. एक बाई बातम्यांआधी वेळ सांगत होती. आवाज वाईट नव्हता. पण ती श्वास चुकीच्या जागी घ्यायची, वाक्य मधेच मोडायची. मी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन अंगणात उभी राहिले आणि तिचं प्रत्येक वाक्य मनात दुरुस्त करून म्हटलं. तिच्यावर मी नऊ महिने राग धरला. तिचा त्यात काहीच दोष नव्हता, पण तेव्हा मला दुसरं कोणी सापडलं नव्हतं.

सापडलं पुढच्या वर्षी, जूनमध्ये.

आमच्याकडे बियाण्याचं धान ढोलीत राहतं. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली कोठी. तोंड शेणाने बंद करतात. बियाण्याची ढोली घरातल्या थोरल्या सुनेने उघडायची, हा रिवाज. दुसऱ्या कोणी हात लावत नाही. बाईंनी ती एकवीस वर्षं उघडली होती, आणि पुढेही त्याच उघडणार होत्या, म्हणून त्यांना घरात तिच्याइतकी सुरक्षित जागा दुसरी वाटली नसावी. पण त्या वर्षी पेरणीच्या दिवशीच बाई बाहेर बसल्या. पाळी चार दिवस आधी आली. तेव्हा चार दिवस बाईमाणसाने घरातल्या कशाला शिवायचं नाही, बियाण्याला तर मुळीच नाही. सासरे म्हणाले, आभाळ भरून आलं, थांबणं होत नाही, लहानीला उघडू द्या.

बाई ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसल्या होत्या, उठायची सोय नव्हती. तिथून ढोली समोर दिसायची. मी विळ्याच्या टोकाने शेण फोडलं. वरचं बियाणं पाटीने काढलं. बाई म्हणाल्या, "खालचं नको काढू वो. तेवढं राहू दे."

"कायले?"

"जुनं हाये ते. मागच्या सालचं उरलेलं. उगवत नाई."

जुनं असेल तर तेच आधी काढायला हवं, एवढी अक्कल मला तीन वर्षांत आली होती. मी खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना कागद लागला.

खाकी लिफाफा, वर केंद्राचा शिक्का, माझं नाव टंकलेलं. फोडलेलासुद्धा नव्हता. धानाची टोकं कागदात रुतून त्यावर बारीक भोकं पडली होती. आत स्वरचाचणीचं बोलावणं. तारीख होती मागच्या वर्षीच्या जुलैतली, बुधवार.

तो बुधवार मला लगेच आठवला. त्या दिवशी आम्ही दोघी जावा पलीकडच्या घरच्या बांधीत होतो. आमच्या गावात तेव्हा रोवणीची पाळी असायची: तुमच्या बांधीत आमच्या दोन बाया, आमच्या बांधीत तुमच्या दोन. जे घर एक बाई कमी पाठवेल, त्याची रोवणी सगळ्यांच्या शेवटी, आणि तोवर त्याचे पऱ्हे म्हातारे. घरच्या बाया कमी पडल्या तर नाव जायचं ते थोरल्या सुनेचं. पोस्टमनने शिक्का बघून बाईंना सांगितलं असणार, रेडिओवाल्यांनी तुमच्या लहानीला बोलावलं असेल, आता रोवणीतच. बाईंनी बोटांवर मोजलं असणार. जाळून का टाकलं नाही, हे मला पुढे पोस्टमनकडून कळलं. तो म्हणाला होता, सरकारी कागद आहे बाई, सांभाळून ठेवा. बाईंनी सांभाळून ठेवला. सरकारचा कागद जाळला तर घरावर जप्ती येते, अशी त्यांची समजूत होती. माझा कागद दाबला तर काय येतं, याची त्यांना भीती वाटली नव्हती.

मी लिफाफा पोलक्यात घातला आणि बियाणं मापायला लागले.

"बियाणं ठीक हाये नं?" बाई म्हणाल्या.

"ठीक आहे. कीड नाही लागली."

एवढंच. भांडण केलं असतं तर सासऱ्यांनी दोन शब्द बाईंना सुनावले असते, दोन मला, आणि संध्याकाळच्या भाताबरोबर सगळं मिटलं असतं. मला ते मिटवायचं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हणावं, मी लपवलं, एवढंच मला हवं होतं. सत्तावीस वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघते आहे. मोठ्या आजारपणात म्हणाल्या नाहीत. भासरे गेले तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडल्या, तेव्हाही नाही. डोळे गेले, तेव्हा मला वाटलं आता म्हणतील. त्यांनी रेडिओ मागितला.

त्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. आता बांधी मी सांभाळते. पाळीची पद्धत गेली, बाया गुत्त्याने, म्हणजे ठेक्याने, येतात, पण एक हात कमी पडला की काय होतं ते मला त्यांच्याइतकंच ठाऊक आहे. रोवणीच्या दिवसांत घरातली माणसं माणसं राहत नाहीत, हात होतात. बाईंनी त्या दिवशी माझा आवाज मोजला नाही, हात मोजले. हे सगळं मला कळतं. कळणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं. एक केलं म्हणजे दुसरं आपोआप होतं असं मला कोणी सांगू नये.

१५ जुलै. तर काल बारा वाजता बायांचा कार्यक्रम लागला. आठवी खोळ माझ्या हातात होती. निवेदिका तरुण पोरगी, हसरी. म्हणाली, आजचा विषय आहे रोवणीचे दिवस. आम्हाला फोन करा.

"लहाने," बाईंनी आतून हाक मारली. "लाव नं वो फोन. मले बोलायचं हाये."

"लागत नाही तो फोन. हजार लोक लावतात."

"लाऊन तं पाह्य."

लागणार नाही, या खात्रीनेच मी लावला. दुसऱ्या घंटीला लागला. आता काय करणार? त्यांच्या कानाशी धरला.

आणि बाई बोलल्या. अर्धं आयुष्य ज्या बाईने मला चुलीवरून, विहिरीवरून, बांधीवरून फक्त हुकूम दिले, ती काय बोलली! पहिल्या पावलाला चिखल कसा बोटांच्या मधून वर येतो. ओळीत मागे पडलेल्या बाईची इतर बाया कशी मस्करी करतात. येनाच्या झाडाला टांगलेला रेडिओ. आमच्याच बांधीची, माझ्याच डोळ्यांसमोरची गोष्ट, आणि एकही शब्द इकडचा तिकडे नाही. श्वाससुद्धा जिथल्या तिथे.

"आजी, काय आवाज आहे हो तुमचा!" पोरगी म्हणाली. "ऐकत राहावंसं वाटतं. उद्या सकाळी दहाला आमचा थेट कार्यक्रम असतो. उद्या आम्हीच तुम्हाला फोन करू. पंधरा मिनिटं फक्त तुमची. चालेल ना?"

"चालते नं, बाप्पा!" बाई म्हणाल्या.

फोन ठेवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी वीस वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. म्हणाल्या, डोक्याला तेल लाव. म्हणाल्या, उद्या ते हिरवं लुगडं काढ.

"रेडिओत लुगडं दिसत नाही, बाई."

"मले तं समजते नं, काय नेसून हावो ते."

संध्याकाळी मी तेलाची वाटी घेऊन त्यांच्या मागे बसले. डोक्यावर आता मूठभर केस उरलेत. तेल मुरवता मुरवता म्हटलं, "पण उद्या आपली रोवणी आहे. दहा वाजता मी बांधीत. फोन कोण धरेल तुमच्यापाशी?"

"तू थांबजो घरी."

"आणि रोवणी?"

"रोवणीचं काय वो एवढं? एक दिवस पुढं गेली तं काय पऱ्हे मरून राहिले?"

माझा हात त्यांच्या डोक्यावर तसाच थांबला. बाहेर अंगणात कापलेल्या पिशव्या वाऱ्याने फडफडत होत्या. मी मनात म्हटलं, एकदा विचारायचं. नीट, सरळ. एकदाच.

"बाई, ढोलीत एक पत्र होतं. आठवते?"

मी मोजत होते. वडिलांचे ठोके मोजायचे तसे.

"कोणतं पत्र?" त्या म्हणाल्या. मग, "बाजारभाव लागले असतीन. आवाज मोठा कर नं जरा."

मी त्यांची वेणी घातली. छोटीशी, घट्ट. शेवटाला लाल दोरा बांधला.

आज सकाळी साडेपाचला उठले. बाईंना अंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, चहात बुडवून दोन बिस्किटं दिली. गोळी दिली. फळीवरच्या रेडिओत नवे सेल टाकले आणि आवाज शेवटापर्यंत फिरवला. "फोन कुठं हाये?" त्यांनी विचारलं. "जिथं पाहिजे तिथं आहे," मी म्हटलं आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचला.

बांधीत बाया आधीच उतरल्या होत्या. बारा जणी, वाकलेल्या. टोळीची मुकादम शेवंता ओरडली, "मालकीणबाईची कंबर आज उशिरा वाकली वो!" मी तिच्या शेजारची ओळ धरली. सातच्या बातम्यांऐवजी आता कोणाच्या तरी मोबाइलवर गाणी वाजतात. मला दहा वाजल्याचं उन्हावरून कळलं. फोन वाजला.

मी सरळ उभी राहिले. हात साडीला पुसले.

"नमस्कार! गिरजाबाई ना? आपण थेट कार्यक्रमात आहोत."

"नाही," मी म्हणाले. "मी त्यांची लहान जाऊ. त्यांच्याऐवजी मी बोलते. रोवणीचीच आठवण आहे. चालेल?"

"हो, हो. सांगा ना."

"अठ्ठावीस वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत मला एक पत्र आलं होतं," मी म्हणाले. "तुमच्याच केंद्राचं."

वाक्य जिथे संपवायचं तिथेच संपवलं. श्वास जिथे घ्यायचा तिथेच घेतला. बायांचे हात थांबले. मी खुणेने सांगितलं, थांबू नका. मग सगळं सांगितलं. पितळेचे ठोके, ओल्या मातीवर लिहिलेला पत्ता, ढोली, खाकी लिफाफा, बुधवार. आणि तो कोणी दडवला तेही, नावासकट, नात्यासकट. घरी रेडिओचा आवाज शेवटापर्यंत फिरवलेला होता आणि बाईंचा हात फळीपर्यंत पोचत नव्हता, हे मला बोलताना पूर्ण वेळ ठाऊक होतं.

पोरीचा आवाज शेवटी भिजला. ती धन्यवाद म्हणाली. मी फोन बंद केला.

फक्त पाण्यात हात खोचल्याचा आवाज. मग शेवंता हळूच म्हणाली, "आता घरी कशी जाशीन वो?"

"पायानं," मी म्हटलं.

माझी ओळ चार हात मागे पडली होती. जुडी सोडली आणि ती भरून काढायला वाकले.